जिवंत सुटलेल्यांचे काय?

२१ जुलै २०२५ या एकाच दिवशी देशातील दोन मोठ्या न्यायालयांनी कोठडीतील छळावर बोट ठेवले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोट खटल्यात शिक्षा झालेल्या १२ जणांना निर्दोष ठरविले आणि कबुलीजबाब मिळविण्यासाठी त्यांचा छळ झाल्याचा निष्कर्ष नोंदविला. (राज्य सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत त्या निकालाचा पूर्वोदाहरण म्हणून वापर करण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात मात्र धाडले नाही.) इकडे दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने कुपवाडा येथील चौकशी केंद्रात २०२३ साली अमानुष छळ सोसलेल्या एका पोलीस शिपायाला ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आणि सीबीआय चौकशीचा आदेश दिला. या शिपायाला छळणारे त्याच्याच खात्यातील होते.

सुटका झाली, भरपाई ठरली, चौकशीही लागली. पण या माणसांचे मोडलेले शरीर आणि मन सावरण्याचे दायित्व कोणाचे, या प्रश्नाला आपल्या कायद्यात धड उत्तर नाही.

आपल्या यंत्रणेला मृताची दखल घ्यावी लागते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या डिसेंबर १९९३ च्या सूचनेनुसार कोठडीतील मृत्यू किंवा बलात्काराची माहिती २४ तासांत आयोगाला कळवावी लागते. गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात कोठडीमृत्यूंचा तक्ता असतो. चार दिवस मार खाऊन जो पायांनी चालत घरी परततो, त्याच्यासाठी असा तक्ता नाही. ज्याची गणतीच होत नाही, त्याच्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद तरी कशी होणार?

छळाचे घाव लपविण्याची एक विद्याच आहे. तळपायांवर मारले तर वळ काही दिवसांत जातात, चालतानाची वेदना वर्षानुवर्षे राहते. हात मागे बांधून टांगले तर खांद्यातील मज्जातंतू दुखावतात; माणसाला पुढे भाकरीचा तुकडा मोडणेही जड जाते. मनाचे दुखणे याहून अवघड. झोप उडते, गणवेश दिसला की घाम फुटतो, आणि हृदयाच्या आलेखासाठी अंगाला तारा लावताच विजेचे झटके सोसलेला रुग्ण खाटेवरून उठून पळतो. सरकारी रुग्णालयातील डॉक्टर मलम आणि वेदनाशामक गोळी देतो. काय झाले ते विचारत नाही, कारण विचारले तर लिहावे लागेल. आणि ज्याला तपासायचे, त्याला घेऊन येणारा बहुधा पोलीसच असतो.

हे काम तज्ज्ञांचे आहे, ही जाणीव जगाला अर्धशतकापूर्वीच होऊ लागली. डेन्मार्कमध्ये डॉ. इंगे गेनेफके यांच्या पुढाकाराने १९८२ साली छळपीडितांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्र उभे राहिले. तेथे अस्थितज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, व्यायामोपचारक आणि समाजसेवक यांनी एकत्र काम करण्याची पद्धत घडली. छळाचे वैद्यकीय पुरावे कसे नोंदवावेत याची ‘इस्तंबूल नियमावली’ १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला सादर झाली. २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. भारतात हे प्रयत्न मुख्यतः स्वयंसेवी पातळीवरच राहिले. धर्मशाळेत तिबेटी निर्वासितांच्या आरोग्य विभागाने चिनी तुरुंगांतून आलेल्यांसाठी उपक्रम चालविला. वाराणसीत डॉ. लेनिन रघुवंशी यांच्या संस्थेने डॅनिश तज्ज्ञांच्या साह्याने साक्षोपचार रुजविला. यात पीडिताची हकिगत त्याच्याच शब्दांत लिहून घेतली जाते, दुरुस्त केली जाते आणि गावासमोर सन्मानाने वाचली जाते. लाजेने कोंडलेला माणूस पुन्हा गावात मिसळू लागतो. चिलीतील लष्करशाहीच्या काळात जन्मलेली ही पद्धत वाराणसीच्या खेड्यांत चालू शकते, तर दिल्लीच्या रुग्णालयांत का नाही?

डेन्मार्कचा उल्लेख निघालाच आहे, तर राजधानीला रुचणार नाही अशी एक गोष्ट सांगायला हवी. पुरुलिया शस्त्रास्त्र प्रकरणातील आरोपी किम डेव्ही याला भारताच्या हवाली करण्यास डॅनिश न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला आणि २०२४ मध्ये पुन्हा दिला. कारण एकच, येथे त्याचा छळ होण्याचा धोका. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, पण अनुमोदन अद्याप दिलेले नाही. याच कराराचे चौदावे कलम पीडिताच्या शक्य तितक्या पूर्ण पुनर्वसनाची हमी मागते.

संसदेचा इतिहासही फारसा गौरवाचा नाही. २०१० साली लोकसभेने एक लंगडे विधेयक संमत केले. तक्रारीला सहा महिन्यांची मुदत, खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी. राज्यसभेच्या प्रवर समितीने ते सुधारले, तरी २०१४ मध्ये लोकसभेबरोबर तेही संपले. समितीचे अध्यक्ष अश्विनीकुमार मध्यंतरी काही महिने कायदामंत्री होते. पुढे कायद्यासाठी त्यांनाच सर्वोच्च न्यायालयात याचिका करावी लागली आणि ती २०१९ मध्ये फेटाळली गेली. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात भरपाई उपचार व पुनर्वसनाला पुरेल इतकी असावी असे सुचविले आहे. तो अहवाल सरकारच्या कपाटात आहे.

पोलिसांचे हात बांधले जातील, हा नेहमीचा आक्षेप येथे गैरलागू आहे. उपचाराने कोणाचाही तपास अडत नाही. उलट, छळ झाला की नाही हे खटल्यात सिद्ध होईपर्यंत उपचार थांबविणे म्हणजे अपघातात चूक कोणाची ते ठरेपर्यंत जखमीला रस्त्यावर ठेवणे.

दिल्लीकर मराठी माणसालाही हा प्रश्न परका नाही. सांगली जिल्ह्यातून देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांची जुनी तक्रार आहे की, चोरीचे सोने घेतल्याच्या संशयावरून परप्रांतात पोलिसांचा जाच होतो. भाषा परकी, जामीन राहायला नातेवाईक नाही, डॉक्टर ओळखीचा नाही. अशा माणसाने सुटल्यावर कोणते दार ठोठवावे? गावाकडे फासेपारध्यांची अवस्था याहून वाईट. त्यांच्यावरचा गुन्हेगार जमातीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून पुसला गेला, ठाण्याच्या मनातून नव्हे.

नवा कायदा होईल तेव्हा होवो. हाती आहे तो कायदाही थोडा उपयोगी पडू शकतो, आणि हे वाचणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी काहींच्या टेबलावरच तो आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९६ पीडितांच्या भरपाई व पुनर्वसनाविषयी आहे. गुन्हेगार सापडला नाही आणि खटला उभा राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दोषसिद्धीची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. राज्यांनी आपल्या भरपाई योजनांत कोठडीतील छळ हा स्पष्ट प्रकार घालावा, आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात पोलिसांच्या उपस्थितीविना तपासणारे एक प्रशिक्षित पथक ठेवावे. याला संसदेची परवानगी लागत नाही.

त्याच कलमात एक पोटकलम आहे. त्यानुसार पीडिताला तातडीचे मोफत उपचार मिळू शकतात; त्यासाठी प्रमाणपत्र द्यायचे ते भागातील दंडाधिकाऱ्याने, अथवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने. ज्या ठाण्यात तळपाय फोडले गेले, त्याच ठाण्यातून मलमपट्टीची चिठ्ठी आणायची. किमान कोठडीतील छळाच्या तक्रारींपुरता हा अधिकार प्राधिकरणाच्या सचिवाकडे किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे देण्याची दुरुस्ती दोन ओळींची आहे.