राखणाऱ्याचे ऋण

मराठी वाङ्मयाच्या वर्गात 'महाराष्ट्र सारस्वत' या ग्रंथाचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु हा ग्रंथ लिहिणाऱ्या वि. ल. भावे यांनीच १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करण्यात पुढाकार घेतला होता, ही गोष्ट त्याच वर्गात क्वचितच सांगितली जाते. संग्रहावाचून इतिहास लिहिता येत नाही, हे भाव्यांना ठाऊक होते. आमच्या विद्यापीठीय समीक्षेला ते अजून उमगलेले नाही. लिहिणारा तो विद्वान आणि राखणारा तो कारकून, ही उतरंड आपण सर्वांनी मुकाट्याने मान्य केली आहे. आमचा आक्षेप नेमका या उतरंडीवर आहे. तो मांडण्यासाठी आम्ही पुस्तकांच्या नव्हे, तर चित्रपटांच्या एका ग्रंथपालाचे उदाहरण घेत आहोत. त्यांचे नाव पी. के. नायर.

नायर यांचा जन्म १९३३ साली तिरुवनंतपुरम येथे झाला. चित्रपट दिग्दर्शित करण्याच्या ओढीने ते मुंबईस आले. पण १९६१ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन सहायक म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पुढच्याच वर्षी नायर तेथे सहायक अभिरक्षक झाले, १९८२ साली संचालक झाले आणि १९९१ साली निवृत्त झाले. तोवर संग्रहात सुमारे १२,००० चित्रपट जमले होते आणि त्यांतील सुमारे ८,००० भारतीय होते. ४ मार्च २०१६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखांचे पुस्तक निघाले ते त्यांच्या पश्चात, २०१७ साली. भाव्यांचा ग्रंथ आपल्या हाती राहिला म्हणून आपण त्यांना इतिहासकार म्हणतो. नायर यांनी हयातभर ग्रंथ लिहिण्याऐवजी इतरांना लिहिता यावे एवढी सामग्री राखली; म्हणून त्यांना आपण काहीच म्हणत नाही.

या सामग्रीचे मोल काय, हे दादासाहेब फाळक्यांच्या उदाहरणावरून कळावे. नायर नाशिकला जाऊन फाळके कुटुंबीयांना भेटले आणि तेथून मिळालेली रिळे त्यांनी संग्रहात आणली. चार रिळांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची आज पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे पाहावयास मिळतात. तीही १९१३ सालच्या मूळ चित्रपटाची की १९१७ सालच्या पुनर्निर्मितीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. हा वाद घालता येतो, कारण ती रिळे शिल्लक आहेत. 'आलम आरा'विषयी (१९३१) असा वाद घालण्याची सोय नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. नायर सांगत असत की उरलीसुरली रिळे चांदी काढण्यासाठी विकली गेल्याची कबुली त्यांना खुद्द निर्मात्याच्या घरातूनच मिळाली. आपल्या पहिल्या बोलपटाची ही गत! बाबूराव पेंटरांच्या १९२५ सालच्या 'सावकारी पाश'ची थोरवी आपण पिढ्यानपिढ्या घोकतो. तो मूकपट मात्र आज कोणालाही पाहता येत नाही. न पाहिलेल्या कृतीविषयी ऐकीव मतांची परंपरा चालवायची, याला समीक्षा म्हणावे काय?

नायर यांच्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की ते निवड करीत नसत. अभिजात आणि गल्लाभरू असा भेद न करता सारेच साठवीत. हा दोष नव्हे. हाच त्यांचा धर्म होय. निवड हे समीक्षकाचे काम आहे. आजच्या अभिरुचीने टाकाऊ ठरवलेले उद्याच्या अभ्यासकाला पुरावा म्हणून लागते, हे जुन्या बाडांतून संतकवींच्या रचना शोधणाऱ्या परंपरेला तरी निराळे सांगावे लागू नये. दुसरा आक्षेप असा की संग्रहात यावे म्हणून त्यांनी कित्येकदा मालकाची परवानगी न घेता प्रती काढल्या. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो आम्ही झटकून टाकत नाही. मात्र ज्या मालकांनी स्वतःची रिळे भंगारात घातली त्यांच्या हक्काची आपल्याला जेवढी काळजी वाटते, तेवढी त्या कृतीची कधी वाटली होती काय? रीतसर मार्ग नसताना त्यांनी आडवाट धरली. दोष द्यायचाच तर मार्ग न बांधणाऱ्यांनाही द्यावा.

तो मार्ग आजही अपुरा आहे. पुस्तकांच्या प्रती ठरावीक राष्ट्रीय ग्रंथालयांना देणे प्रकाशकांवर १९५४ सालच्या कायद्याने बंधनकारक आहे. चित्रपटाची टिकाऊ प्रत संग्रहालयात द्यावी, असे सांगणारा तसा स्वतंत्र कायदा मात्र नाही. जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारातील कोठाराला आग लागली आणि अनेक मूळ नायट्रेट प्रती भस्मसात झाल्या. २०२२ साली संग्रहालयाचा कारभार राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेला. या घटनांवर साहित्याच्या किती विभागांनी एखादा परिसंवाद घेतला? रूपांतरावर, 'साहित्य आणि चित्रपट' या विषयावर मात्र दरवर्षी निबंधांचे गठ्ठे निघतात. आमच्यापैकी काहींनी असे निबंध तपासले आहेत. त्यांत चित्रपटाची कोणती प्रत पाहिली, किती लांबीची, कोठे, याचा उल्लेख अपवादानेच आढळतो. पोथीचा पाठभेद नोंदवल्यावाचून एक ओवी उद्धृत न करणारे आपण, संगणकावर सापडलेल्या कापलेल्या, धूसर प्रतीवरून दिग्दर्शकाच्या शैलीचा निर्णय देऊन मोकळे होतो.

म्हणून आमची मागणी दूरच्या सरकारकडे करून आम्ही थांबणार नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. पुण्यातील चित्रपट संग्रहालयाहून शंभर वर्षांनी वडील. ठाण्याचे संग्रहालयही सव्वाशे वर्षे ओलांडून गेले आहे. डोंबिवलीच्या घराघरांतील माळ्यांवर चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका, सिनेसाप्ताहिके, जुने दिवाळी अंक पडून आहेत आणि इमारतींचा पुनर्विकास निघाला की ते किलोच्या भावाने रद्दीत जात आहेत. आपल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना माळ्यांवरचा हा ऐवज उतरवून घेण्यास, त्याची सूची करण्यास आणि तो जवळच्या वाचनालयाच्या स्वाधीन करण्यास सांगावे. अशा सूचीला प्रबंधाइतके गुण द्यावेत. ज्या विभागाला हे काम कारकुनी वाटते, त्याने भाव्यांचे नावही यापुढे घेऊ नये.