बॅटरी बिचारी निर्दोष आहे!

रविवारी रात्री ताम्हिणी घाटात हेडलाइट हळूहळू पिवळा पडला आणि एका वळणावर बाइक गप्प झाली. मागे बसलेली धाकटी बहीण एवढंच म्हणाली, "दादा, परत?" मागून ट्रक येत होता, आणि त्याला आम्ही दिसत नव्हतो. मोबाइलचे टॉर्च हलवत कसेबसे कडेला झालो.

हो, परत. वर्षात तिसऱ्यांदा! पहिल्यांदा गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. दुसऱ्यांदा रेग्युलेटर, शिवाय पुन्हा बॅटरी. सात हजार गेले. दरवेळी दोन-तीन महिने मजेत, मग तेच. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या बॅटरी उतरली तरी किक मारून घरी यायच्या. इंजेक्शनवाल्या गाडीचा पेट्रोल पंपच विजेवर चालतो, बॉस. आणि एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, म्हणजे तीही बचत गेली.

शेवटी ऑफिसातल्या एकाने नाना पेठेतल्या वायरमनकडे पाठवलं. गृहस्थाने पान्याला हातच लावला नाही. "साहेब, आधी मोजू, मग बदलू," म्हणत मल्टिमीटर काढला.

इंजिन बंद असताना चार्ज केलेली बॅटरी १२.६ व्होल्ट. ठीक. पाच हजार आरपीएमला ती १४ च्या आसपास जायला हवी, माझी १२.९ वरच अडकलेली. मग कॉइलच्या तीन पिवळ्या वायरी सोडवून जोडीजोडीने एसी व्होल्टेज मोजलं. तिन्हीकडे सारखं, साठच्या वर. म्हणजे कॉइल ठणठणीत. (मी नवीन घ्यायला निघालो होतो!) मग वायरी परत जोडून मीटर थेट रेग्युलेटरच्या तोंडाशी लावला : १४.३!

म्हणजे वाटेत १.४ व्होल्ट कोण खात होतं? सीटखालचा एक कपलर. पिना हिरव्या, प्लॅस्टिक वितळून तपकिरी. दहा अँपिअर करंट जात असेल तर तिथे १४ वॉटची उष्णता नुसती जळत राहते. रेग्युलेटरला वाटतं काम फत्ते, कारण तो स्वतःच्या टोकाशी मोजतो. बॅटरी मात्र उपाशी. नवी बॅटरी दुकानातून भरून येते, म्हणून दोन महिने तग धरते; रोजच्या ट्रॅफिकमध्ये थोडी थोडी रिकामी होते आणि घाटात मान टाकते.

कपलर कापून नवे टर्मिनल बसवले, अर्थचा बोल्ट घासून घट्ट केला. बिल अडीचशे रुपये. सात हजारांच्या जखमेवर मीठच की!

आता एका पिझ्झ्याच्या पैशात मीही मीटर घेतलाय. तुमच्या गाडीत पाच हजार आरपीएमला १३.५ ते १४.५ दिसलं तर निवांत. १५ च्या वर गेलं तर मात्र रेग्युलेटर खरंच गेलाय, बॅटरी उकळायच्या आत बदला.

आज सकाळचं माझं रीडिंग १४.२. बहिणीला एसएमएस केला. उत्तर आलं : "पुढच्या रविवारी बसने जाऊ."