बाईंचा एक तास

सिंगापूरला राहतो म्हटलं की पुण्या-नाशिकचे मित्र हमखास विचारतात, तिथली पोरं गणितात जगात पहिली येतात ती कशी? प्रश्न रास्त आहे. पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची जी आंतरराष्ट्रीय चाचणी होते, तिच्यात २०२२ साली सिंगापूर गणित, वाचन आणि विज्ञान अशा तिन्हींत पहिलं आलं. पण याच चाचणीच्या २०१५ च्या फेरीत मुलांना आणखीही काही विचारलं होतं, त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. चांगला अभ्यास झालेला असूनही परीक्षेची खूप धास्ती वाटते, असं सांगणारी मुलं सिंगापुरात ७६ टक्के निघाली. ओईसीडी देशांची सरासरी होती ५५ टक्के.

इथल्या शिक्षण मंत्रालयाने परीक्षांचं ओझं कमी करायला घेतलं, हे मान्य करायला हवं. २०१९ पासून पहिली-दुसरीच्या परीक्षा बंद झाल्या आणि प्रगतिपुस्तकातला वर्गातला नंबर गेला. २०२३ पर्यंत सगळ्या प्राथमिक-माध्यमिक शाळांतून सहामाही गेली. त्याआधी कित्येक वर्षं सहावीच्या 'पीएसएलई' परीक्षेच्या गुणांवरून मुलांचे तीन गट पाडून त्यांना वेगवेगळ्या वर्गांत बसवत. म्हणजे बाराव्या वर्षीच कपाळावर शिक्का! २०२४ साली माध्यमिक शाळेत आलेल्या मुलांपासून हे गट मोडले. आता वर्ग मिश्र असतो आणि प्रत्येक विषय ज्याला झेपेल त्या पातळीवर घेता येतो.

हे सगळं उत्तमच. पण परीक्षा कमी झाल्या की भीती थोडी उतरते, एवढंच. 'ही माझी शाळा' असं वाटायला तिथे आपलं कुणीतरी माणूस असावं लागतं.

माझी मुलगी इथे पहिलीत गेली तेव्हा शाळेने तिला एक मोठी ताई नेमून दिली. 'बडी' म्हणतात तिला. इथल्या बऱ्याच शाळांत ही पद्धत आहे. पहिले काही दिवस मधल्या सुट्टीत ही ताई पहिलीच्या पोराचा हात धरून कॅन्टीनमध्ये नेते, रांगेत उभं राहायला, नाणी मोजून द्यायला शिकवते. घरी मराठी बोलणाऱ्या पोरांना हा आधार जरा जास्तच लागतो. मातृभाषेच्या तासाला वर्ग फुटतो, चिनी, मलय आणि तमिळ मुलं आपापल्या खोलीत जातात. मराठी हा विषयच नाही, त्यामुळे आमची मुलं बहुधा हिंदी घेतात. अशा ठिकाणी पटांगणात लांबून नावाने हाक मारणारं कुणी असलं की सकाळी शाळेत जायला कुरकुर होत नाही.

दुसरी गोष्ट फॉर्म टीचरची, म्हणजे आपल्या वर्गशिक्षिकेची. तिला वेळापत्रकात एक वेगळा तास असतो. राग आला तर काय करायचं, मैत्री कशी टिकवायची, हे त्या तासाचे विषय. परीक्षा नाही, मार्क नाहीत. शिवाय प्रत्येक शाळेत समुपदेशक असतो, पण त्याच्यापर्यंत मूल पोचतं ते बहुतेकदा कुणाच्या तरी लक्षात आल्यावर. आम्ही इंजिनियर लोक यंत्र बंद पडायची वाट पाहत नाही, आवाज बदलला की उघडून बघतो. मुलाचा आवाज बदललाय हे कळायला तो रोज ऐकणारं कुणी हवं ना?

तुम्ही म्हणाल, आमच्या बाईसुद्धा प्रेमळ होत्या की! होत्याच. आपल्याकडे तर साने गुरुजी होऊन गेले. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरला शिक्षक होते, तिथलं छात्रालय सांभाळत होते आणि मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत होते. पण प्रत्येक शाळेच्या नशिबी गुरुजी नसतात. म्हणून माझं म्हणणं असं की माया नशिबावर सोडू नये, तिला वेळापत्रकात जागा द्यावी.

सिंगापूरलाही हे पुरतं साधलेलं नाही. पीएसएलई आहेच, आणि २०२३ च्या सरकारी पाहणीनुसार इथल्या कुटुंबांनी शिकवण्यांवर वर्षाला १.८ अब्ज सिंगापूर डॉलर खर्च केले. बाईंचा तास परीक्षा जवळ आली की गणिताच्या उजळणीत जातो, असंही एका ओळखीच्या घरातून ऐकलं. तेव्हा तास नुसता देऊन भागत नाही, तो राखावाही लागतो.

आपल्याकडे तर उलटंच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या, २००९ च्या, कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शाळाबाह्य कामं देता येत नाहीत. पण ही तीनही काही थोडी नाहीत, आणि शाळेतल्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं ही कामं वेगळीच. साठ मुलांच्या वर्गात कोण गप्प गप्प आहे हे बाईंनी बघायचं कधी?

यासाठी परदेशातून तज्ज्ञ आणायला नकोत. आठवड्याला एक तास वर्गशिक्षिकेचा, त्यात पोर्शन नाही, आणि तो दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही. पहिलीतल्या प्रत्येक मुलाला सहावी-सातवीतली एक ताई किंवा दादा. याला खर्च काहीच नाही.

पुढच्या पालकसभेत पोर्शन किती झाला हे विचारून झालं की बाईंना आणखी एक विचारा, माझं मूल डबा कुणाबरोबर खातं? त्यांना सांगता आलं तर फारच छान. नाही आलं तर बाईंवर रागावू नका. ते बघायला त्यांना वेळ कुणी दिला आहे का, एवढं मुख्याध्यापकांना विचारा.