सन्मान हयातीत हवा, आणि अधिकारासह

धार जिल्ह्यातल्या भैंसोला इथे १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मध्य प्रदेशातले एक कोटीवे सिकलसेल तपासणी व समुपदेशन कार्ड दिले गेले. जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे हे मोठे यश आहे, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण कार्ड हातात पडले म्हणजे आजार समजला असे होत नाही. आपण ‘वाहक’ आहोत म्हणजे आजारी नाही, दोघे वाहक एकत्र आले तर मात्र प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे घरोघरी बसून कोणीतरी पटवून द्यावे लागते. नाहीतर तेच कार्ड मुलीच्या लग्नाआड येते. हे पटवणारी माणसे बहुधा स्वतः रुग्ण असतात किंवा रुग्णाचे आईवडील. आपली व्यवस्था त्यांना शिबिराची गर्दी जमवणारे स्वयंसेवक समजते. मला वाटते, ती या मोहिमेतली सर्वात महत्त्वाची माणसे आहेत आणि त्यांचा सार्वजनिक सन्मान हा आरोग्यकार्याचाच भाग मानला पाहिजे.

कारण सिकलसेलमुळे येणाऱ्या अपंगत्वाचे स्वरूपच तसे आहे. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते, हळूहळू अवयव निकामी होऊ लागतात. मात्र दोन झटक्यांच्या मधल्या काळात तोच माणूस चारचौघांसारखा दिसतो. मग कापूस वेचायला न जाणारी सून कामचुकार ठरते, शाळा बुडवणारा मुलगा आळशी ठरतो. कुबडी किंवा पांढरी काठी पाहून लोक निदान बाजूला तरी सरकतात. इथे रुग्णाच्या शब्दाखेरीज पुरावाच नसतो. कायद्यानेही ही अर्धी नजर ठेवली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाच्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया घेतले, उच्च शिक्षणातल्या राखीव जागा त्यांना खुल्या केल्या; पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत हे तीन रक्तविकार नाहीत. जिथे शब्द हाच पुरावा, तिथे बोलणाऱ्याची पत वाढवणे म्हणजे पुराव्याला बळ देणे.

सिकलसेलला या कायद्यात जागा मिळाली तीही बोलणाऱ्यांमुळे. नागपूरचे संपत रामटेके त्यांत आघाडीवर होते. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून त्यांनी हा विषय लावून धरला. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, ती मरणोत्तर. गुजरातच्या आदिवासी भागात सिकलसेलवर काम करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यझदी इटालिया यांना २०२४ मध्ये हयातीत मिळाली, याचा आनंदच आहे. दोन उदाहरणांवरून नियम निघत नाही. तरीही शास्त्रज्ञाचे काम मोजता येते आणि लोकांचे मन वळवणाऱ्याचे काम उशिरा ध्यानात येते, एवढे त्यातून दिसते. मध्य प्रदेशातल्याच देवासला हे वेगळ्या अंगाने सांगता येईल. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेल्या गायक कुमार गंधर्वांनी याच गावी आपले गाणे नव्याने उभे केले, आणि १९९० मध्ये पद्मविभूषणने देशाने त्यांचा गौरव केला. तो यथार्थच होता. दुखण्यावर मात करणाऱ्याला आपण मोकळ्या मनाने दाद देतो. पण दुखण्यावर मात झालेली नाही, ते रोजचे आहे आणि म्हणून मला सवलत हवी, असे सांगणाऱ्याला कसे वागवायचे, हे आपण अजून शिकलेलो नाही.

सार्वजनिक सन्मानाच्या मागणीवर पहिला आक्षेप पैशाचा. आधी औषधे आणि रक्त द्या, सत्कार मागाहून, असे म्हणणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक आहे. पण सिकलसेलवरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी दुखत नसतानाही, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. ती मधेच सुटू नये म्हणून भिलीत किंवा निमाडीत समजावणारा माणूस हवा, आणि तो स्वतः ती गोळी घेणारा असेल तर त्याचे म्हणणे अधिक पटते. देवास जिल्ह्यात तर ही गरज जास्तच आहे. तिथे आदिवासी वस्ती मुख्यतः बागलीच्या बाजूला, म्हणून इतरत्र या आजाराची शंकाच लवकर येत नाही. वास्तविक विदर्भात तो आदिवासींपुरता मर्यादित नाही, हे केव्हाच दिसून आले आहे. दुसरा आक्षेप मला खरोखर जड वाटतो. सन्मानाने नाव जाहीर होते, आणि नाव जाहीर झाले की सोयरिकी मोडतात. म्हणून कोणालाही व्यासपीठावर ओढू नये, रुग्णांच्या याद्या फोडू नयेत, अविवाहित मुलींच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घ्यावी. जे आपणहून पुढे आले आहेत, त्यांच्यापुरतेच हे बोलणे आहे. ते समाजाचे टोमणे आधीच सोसत आहेत. मानाचे पद मिळाले तर निदान एकटे पडणार नाहीत.

तिसरा आक्षेप असा, की पुरस्कार म्हणजे शाल, नारळ आणि छायाचित्र. तो मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच मागणी वेगळी आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्याच कलम ७२ नुसार जिल्हास्तरीय समिती नेमायची असते. धार आणि देवासच्या समित्यांवर न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी बोलणाऱ्या एका तरी व्यक्तीला जागा द्यावी. जिल्हा रुग्णालयात अशा व्यक्तींना प्रशिक्षण देऊन मानधनावर समुपदेशक नेमावे, आणि कुक्षी किंवा बागलीहून येण्याचा प्रवासखर्च त्यांच्या खिशातून जाऊ नये. १९ जूनला जागतिक सिकलसेल दिनाचा कार्यक्रम होतोच. त्या दिवशी मंचावर बोलावलेल्या रुग्णाच्या हातात पुष्पगुच्छाबरोबर समितीचे नियुक्तिपत्रही द्यावे, आणि पुढच्या बैठकीची तारीख त्यातच लिहिलेली असावी.