रेडिओलॉजिस्ट केवळ फोटो काढत नाही

‘स्कॅनचा सुळसुळाट’ हे पत्र वाचले. विनाकारण सांगितल्या जाणाऱ्या सीटी स्कॅनबद्दलची तक्रार रास्त आहे. या स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो, म्हणून कारण विचारलेच पाहिजे. पण ‘फोटो काढून रोग बरा होत नाही’ हे त्या पत्रातील विधान पटत नाही. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ८२ वर्षांच्या वृद्धेच्या मांडीतील अरुंद झालेली धमनी बारीक नळीने रुंद केली. पाय कापण्याचा सल्ला मिळालेली ती बाई पुन्हा चालू लागली. आज याच मार्गाने रक्तस्राव थांबवतात, यकृतातील गाठीपर्यंत औषध पोहोचवतात. अनावश्यक तपासण्यांना विरोध जरूर करावा. मात्र रक्तपुरवठ्याअभावी पाय कापायला सांगितले, तर असे उपचार करणाऱ्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचे मतही अवश्य घ्यावे.

– एक वाचक, सोलापूर