चक्रीभुंग्याचं आडनाव काहून बदललं?

आपल्या अमरावती-अकोल्याकडे सोयाबीन पेरणाऱ्या घरात चक्रीभुंगा कोणाला माहीत नाही? मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल चक्रं कुरतडते आणि त्यांच्या मधोमध अंडं घालते. वरचा भाग सुकतो, अळी खोड आतून पोखरत जाते. शेतकरी ती दोन चक्रं बघूनच कीड ओळखतो.

आता कॉलेजच्या लायब्ररीत जा. कीटकशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत हाच भुंगा 'ओबेरिया ब्रेव्हिस' आहे, नव्यांत 'ओबेरिऑप्सिस ब्रेव्हिस'. भुंगा तोच, पीक तेच. मग नाव काहून बदललं?

"पाठ करायला आणखी एक नाव," म्हणून आपण वैतागतो. मला मात्र वाटतं, बदललेलं नाव हीच त्या धड्यातली वाचण्यासारखी गोष्ट आहे.

शास्त्रीय नावातला पहिला शब्द जीनसचा, म्हणजे आडनावासारखा. याचे जवळचे भाऊबंद कोण, हे तो सांगतो. हा एक दावा आहे, आणि दावा तपासता येतो, चुकला तर बदलता येतो. ग्रीकमधून आलेल्या 'ऑप्सिस'चा अर्थ 'सारखा दिसणारा'. म्हणजे नवं नावच सांगतंय, की हा ओबेरियासारखा दिसतो, पण घर वेगळं.

किड्यांचंच असं होतं असं नाही. मेळघाटातला रानपिंगळा घ्या. ह्यूमने 1873 मध्ये त्याला 'हेटेरोग्लॉक्स' या जीनसमध्ये ठेवलं. पुढे तो 'अथेने'मध्ये, म्हणजे साध्या पिंगळ्याच्या घरात गेला. 1997 मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला, तेव्हा शरीररचना बघून काही अभ्यासकांनी जुनं नाव परत आणलं. 2018 मध्ये भारतीय संशोधकांच्या डीएनए अभ्यासाने तो अथेनेतलाच असल्याचं दाखवलं. याला गोंधळ नका म्हणू. पुरावा आला की मत बदलायचं, याचंच नाव विज्ञान.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला याचं काय? खरंय, त्याला 'चक्रीभुंगा' पुरतं. पण त्याला सल्ला देणाऱ्याला पुरत नाही. फक्त नवं नाव टाकून नेटवर शोधलं, तर जुन्या नावाखाली छापलेले प्रयोग नजरेतून सुटू शकतात. ते प्रयोग आपल्याच पैशातून, आपल्याच मातीत झालेले असू शकतात. आणि उद्या तो सल्ला देणारे तुम्हीच असाल.

म्हणून दोन गोष्टी करा. प्रॅक्टिकलच्या वहीत जुनं नाव खोडू नका, नव्याच्या शेजारी लिहा. नावापुढे संशोधकाचं नाव कंसात दिसलं, तर समजा की ही जात आधी दुसऱ्या जीनसमध्ये होती. कुठल्या, ते सरांना-मॅडमना विचारा. दुसरं, कीटकसंग्रह फक्त मार्कांपुरता करू नका. टाचणीखालच्या चिठ्ठीवर गाव, तारीख आणि पीक नीट लिहा, आणि परीक्षा झाली म्हणून पेटी फेकू नका. नाव उद्या पुन्हा बदलेल. तेव्हा ते तपासायला तो भुंगा जागेवर असला पाहिजे.