दुर्मिळ ग्रंथ कोणता?

इरुंगाट्टुकोट्टै समुद्रकाठी नाही. चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे ते वसले आहे. येथे १९९८ पासून मोटारी तयार होतात आणि त्यांतील कित्येक चेन्नई बंदरातून परदेशी गेल्या आहेत. या निमित्ताने येथे बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्यांस समुद्राचे कुतूहल वाटू लागले, तर त्यात नवल नाही. नवल आहे ते त्या कुतूहलाला लागलेल्या वळणाचे. आमच्यातील काही बंधू इंग्रजी सागरप्रवासवर्णनांच्या पहिल्या आवृत्त्या महिन्या-दोन महिन्यांचा पगार ओतून मिळवितात, काचेच्या कपाटात ठेवतात आणि पाहुण्यांस पाठीवरची सोनेरी अक्षरे दाखवितात. काही जण तर पुस्तक फोडून विकलेली चित्रे चौकटीत बसवून भिंतीला लावतात. यास ग्रंथप्रेम म्हणावयाचे असेल तर ग्रंथद्वेष कशास म्हणावे?

‘पहिली आवृत्ती म्हणजे मूळ शब्द’ या समजुतीवर ही सारी हौस उभी आहे. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीचा वृत्तांत १७७३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. तो कुकने लिहिलेला नव्हे. हॉक्सवर्थ नावाच्या साहित्यिकाने सहा हजार पौंड घेऊन कुकची रोजनिशी आपल्या भाषेत घोळली आणि तीत स्वतःचे तत्त्वज्ञान मिसळले. कुक तेव्हा दुसऱ्या सफरीवर होता. कुकचे स्वतःचे शब्द नीट संपादून वाचकांपुढे आणले ते बीगलहोल यांनी, १९५५ साली. म्हणजे आमचे संग्राहक कुकच्या नावाने हॉक्सवर्थच विकत घेतात!

जॉन फ्रायरची गोष्ट वेगळी, हे मान्य केले पाहिजे. या कंपनी सरकारच्या वैद्याचा १६९८ चा ग्रंथ आपल्या जिव्हाळ्याचा आहे. मद्रासच्या किनाऱ्यावरील, खिळ्यांवाचून काथ्याने शिवलेल्या मसुला होड्या त्यात आहेत. जुन्नरची वाट त्यात आहे आणि ऑक्झेंडनच्या वकिलातीच्या द्वारे शिवराज्याभिषेकही आहे. तो घरी असावा असे कोणासही वाटेल. परंतु तो घरी नसल्याने काही बुडत नाही; जगातील मोठ्या ग्रंथालयांनी त्याची निगा राखली आहे.

जे बुडत आहे ते मराठीत. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये चिमुकल्या मनोरमेस घेऊन मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेल्या. विधवा ब्राह्मण स्त्रीने समुद्र ओलांडण्याचा तो काळ! त्या प्रवासाचे पत्र ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने त्याच वर्षी छापले गेले. पुढे अटलांटिक ओलांडून त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडले. या पुस्तकांच्या पहिल्या प्रती कोणाच्या कपाटात आहेत? सोनेरी पाठ नाही, ताम्रपटावरची चित्रे नाहीत, म्हणून त्या रद्दीच्या तागडीत पडल्या. ज्यास किंमत नसते तेच आधी नाहीसे होते, आणि किमतीवरून दुर्मिळता ठरविणाऱ्यास ते दिसतही नाही.

यावर कोणी म्हणेल, रमाबाईंची पुस्तके साहित्य आणि संस्कृती मंडळाने पुन्हा छापली आहेत. मग जुन्या प्रतीचा हट्ट कशाला? ठीक आहे. पण फ्रायरही १९०९ ते १९१५ या काळात तीन खंडांत पुन्हा छापला गेला. त्याच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारीत नाही! पुनर्मुद्रणातून मजकूर कळतो. परंतु पुस्तक किती आण्यांस विकले गेले, मलपृष्ठावर कसल्या जाहिराती होत्या, कोणत्या गावच्या वाचनालयाचा शिक्का त्यावर पडला, समासात कोणी चिडून काय खरडले, हे जुन्या प्रतीवाचून कळत नाही. समुद्रगमन निषिद्ध मानणाऱ्या समाजाने हे पुस्तक कसे वाचले याचा पुरावा त्या समासातच सापडावयाचा.

येथून काही तासांवर तंजावर आहे. सरफोजीराजांनी युरोपीय भाषांतील हजारो ग्रंथ सरस्वती महालात जमविले, परंतु त्याच छताखाली मराठी बाडेही सांभाळली गेली. परमुलखात राहूनही त्यांस घरच्या लिपीची लाज वाटली नाही.

येत्या रजेत गावी गेल्यावर माळ्यावरील ट्रंक रद्दीवाल्याच्या आधी आपण उघडावी. वेष्टन फाटले असले तरी टाकू नये, चिकटपट्टी लावू नये, नवी बांधणी करताना जाहिरातींची पाने कापू देऊ नयेत. चेन्नईच्या दमट हवेत कसर फार लवकर लागते. म्हणून सापडलेली प्रत इकडे न आणता तिकडच्याच एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन केलेली बरी.